पाण्यात म्हैस, गावात मोल

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ मारतो. का मारतो हे त्याला ठाऊक नसतं, टायरलाही नसतं. पण मारल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. मीही मारली. हळूच मारली, कारण मालक समोर उभे होते आणि गाडी अजून त्यांचीच होती. मग दोन पावलं मागे सरलो, हात कमरेवर ठेवले आणि म्हणालो, "हं."

या एका 'हं'वर मी माझी पहिली गाडी विकत घेतली.

दोष माझ्या डोळ्यांचा नाही, स्वभावाचा आहे. मी भिडस्त माणूस. दुकानात चप्पल अंगठ्याला चावत असली तरी दुकानदाराने चार जोड काढून दाखवलेत, आता नको कसं म्हणायचं, असा विचार करून लंगडत घरी येणारा. अशा माणसाला एका परक्या सद्गृहस्थासमोर त्यांच्या गाडीचं बोनेट उघडून, वाकून, नाक खुपसून आत बघायला सांगणं म्हणजे लग्नघरात जाऊन नवरीचे दात मोजण्यापैकी आहे. आणि हे मालक तर फारच सज्जन होते. मी पोचलो तेव्हा गाडी फाटकाशी घुरघुरत उभी होती. "तुम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली," ते म्हणाले. "तुमचा खोळंबा नको."

मी गहिवरलो. इतकी आस्था कोण दाखवतं हल्ली!

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला मी स्वतः किल्ली लावली, तेव्हा त्या आस्थेचा अर्थ कळला. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणी जोरजोरात हलवावा तसा आवाज आला, आणि मागून निळा धूर निघाला. निळा रंग माझ्या आवडीचा आहे. पण सायलेन्सरमधून निघाला तर त्याचा अर्थ इंजिन ऑइल जळतंय असा होतो, हे ज्ञान पुढच्या काही वर्षांत मी डब्याडब्याने विकत घेतलं. इंजिन आधीच गरम असेल तर असली बरीच दुखणी झाकली जातात. गार इंजिनात ऑइल खाली उतरलेलं असतं, धातूचे भाग आकसलेले असतात, बॅटरीचा कस लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात गाडी जे बोलते ते खरं. नंतर ती सावरते, चारचौघांत बसल्यासारखी बोलू लागते.

"गाडी गरम करून ठेवली म्हणून गहिवरलास?" बायकोने विचारलं. मी काही बोललो नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती सख्खी निघाली.

त्यामुळे दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा घरातून एकच अट आली. मी एकट्याने जायचं नाही, सोबत मिस्त्री न्यायचे. हे तेच मिस्त्री, ज्यांनी माझ्या पहिल्या गाडीचं जवळजवळ सगळं बदललं होतं. काटकुळे, अबोल, कानामागे पेन्सिल. देवाने त्यांना घडवताना बाकी सगळे अवयव दिले होते, भीड तेवढी द्यायची राहिली होती.

"फोन करून सांगा," ते म्हणाले, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका म्हणून."

मी फोन लावला. पण असं तोंडावर कसं सांगायचं? म्हणजे तुम्ही लबाड आहात असंच झालं की! मी म्हणालो, "आम्ही नऊला येतोय. तुम्ही उगाच गाडी बाहेर काढण्याचा वगैरे त्रास घेऊ नका हं."

"छे छे, त्रास कसला!" पलीकडून उत्तर आलं.

नऊला आम्ही पोचलो. गाडी बाहेर. मिस्त्रींनी नमस्कारही केला नाही. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आईने ठेवावा तसा पंजा बोनेटवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. इतकी वर्षं ओळखत असल्यामुळे आलेला थकवा होता. "उद्या येतो," ते मालकांना म्हणाले, "सकाळी. हिला झोपू द्या." मी मात्र परत जाताना दोनदा मागे वळून मालकांची माफी मागितली.

पुढच्या गाडीचा फोन त्यांनीच केला.

ती गाडी पांढरी, चकचकीत, आणि मीटरवर किलोमीटर इतके कमी की मालक तिला फक्त पुसत असावेत असं वाटलं. "एकहाती आहे," ते म्हणाले. "मुळात डॉक्टरांची." जुन्या बाजारातल्या इतक्या गाड्या डॉक्टरांच्या असतात की हे लोक रोगी कधी तपासतात असा प्रश्न पडावा. मी मीटर बघून खूश झालो. मिस्त्रींनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. ते खाली वाकले आणि ब्रेकच्या पॅडलवरचं रबर बघत बसले. झिजून गुळगुळीत, एका कडेला तर लोखंड डोकावत होतं. मग स्टिअरिंगवर अंगठा फिरवला, चकाकत होतं. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, जिथून माणूस रोज घसरत उतरतो ती, बसलेली.

"आकडा बदलायला यंत्र लागतं," मिस्त्री मला हळूच म्हणाले, "पण पाय कोण बदलणार?"

डिजिटल मीटर आले म्हणजे ही हातचलाखी संपली असं मला वाटायचं. उलट ती सोपी झाली. जुन्या मीटरमध्ये चाकं मागे फिरवताना आकडे वाकडे तरी बसायचे. आता वायर जोडली की पंधरा वर्षांची गाडी कॉलेजात जाते. म्हणून मीटर शेवटी बघायचा, आधी सर्व्हिसच्या पावत्या मागायच्या. त्यांवर तारीख आणि किलोमीटर शेजारीशेजारी असतात आणि वर्षामागून वर्ष दोन्ही वाढत जायला हवेत. या मालकांकडे पावत्या नव्हत्या. "होत्या," ते म्हणाले, आणि वाळवीबद्दल काहीतरी बोलू लागले.

टायरला लाथ मारायची नसते, टायर वाचायचा असतो, हेही मला त्याच दिवशी कळलं. टायरच्या कुशीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. मी चारही टायरांपाशी उकिडवा बसून मोठ्याने जन्मतारखा वाचल्या. चार टायर, चार कंपन्या, चार वेगळी वर्षं, सावत्र भावंडं एकाच घरात. पुढच्या एकाची फक्त आतली कड झिजलेली, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत किंवा खालचं काही वाकलंय. आणि खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, साधारण १.६ मिलिमीटरचे, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला. तीन टायर संपले होते. चौथा निघण्याच्या तयारीत होता.

एव्हाना माझ्याही अंगात आलं होतं. मिस्त्रींच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक होतं. कारखान्यातला रंग पातळ असतो, बहुतेक १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान, दोन केसांच्या जाडीएवढा म्हणा. त्यामुळे चुंबक पत्र्याला सहज धरतं. ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टीचा जाड थर भरून वरून रंग मारला असेल तर ते घसरून पडतं. हे कळल्यावर मी मिस्त्रींच्या हातातून चुंबक ओढून घेतलं, मागच्या बाजूला गेलो, टेकवलं आणि ते पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडलं. "सापडलं!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी रंगेहाथ पकडलं होतं. "मागून सगळी ठोकलेली आहे ही गाडी! पुट्टीच पुट्टी!"

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "तो बंपर आहे. प्लास्टिकचा."

मालक हसले. मी माफी मागितली. काही गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, तिथेही चुंबक चिकटत नाही, अशी आणखी भर मिस्त्रींनी घातली, ती मी मान खाली घालून ऐकली. मग त्यांनी स्वतः चुंबक डाव्या मागच्या दारावर ठेवलं. ते पडलं. या खेपेला कोणी हसलं नाही. त्या दाराची आणि शेजारच्या पत्र्याची फट वर बोटभर आणि खाली नखभर होती, दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे होते, आणि त्या एकाच खिडकीच्या काचेवर निर्मात्याचा वेगळा शिक्का होता. मी आल्यापासून त्या दाराला टेकूनच उभा होतो.

घरी परतताना मला वाईट वाटत होतं ते माझ्या अडाणीपणाचं. पण नंतर कळलं की या अडाणीपणावर एका माणसाला नोबेल मिळालंय. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. छापण्याआधी तो एकाहून जास्त ठिकाणांहून परत आला होता, विषय फारच क्षुल्लक आहे म्हणून. (परत पाठवणाऱ्यांनी बहुधा नवी कोरी गाडी घेतली असणार.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा घाबरून मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, छट्, त्यापेक्षा माझी मीच वापरीन. तो बाजारातून उठला की उरतात त्या वाईट गाड्या, मग किंमत आणखी उतरते, मग उरलेल्यांतले बरेही उठतात. २००१ साली आणखी दोघांबरोबर त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी हे सगळं बायकोला सविस्तर समजावलं. "म्हणजे तुझ्यासारख्या माणसांवर त्याने संशोधन केलं," ती म्हणाली.

तिसऱ्या गाडीपाशी आमची खरी परीक्षा झाली, कारण ती गाडी सुंदर होती. रंग मूळचा, फटी सारख्या, टायर एका घरातले, पॅडलवरचं रबर आणि मीटर यांचं एकमत. बोनेट थंडगार. पहिल्या किल्लीला चालू. धूर नाही म्हणजे नाही, काळा नाही, निळा नाही, आणि तो गोडसर वासाचा, दाट, थांबायचं नाव न घेणारा पांढराही नाही, जो निघाला तर इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, नको तिथे शिरून जळतंय असं समजून आपण गेटकडे निघायचं असतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट थर नाही. किल्ली अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि आपापल्या वेळी विझले. हे मला आवडलं, कारण दिवा लागतच नसेल तर दुखणं नाही असा त्याचा अर्थ नसतो. दुखणं सांगणाऱ्याचं तोंड कोणीतरी बांधलेलं असतं.

फेरफटक्याला निघाल्यावर मालकांनी गाणी लावली. "साउंड बघा," म्हणाले. मिस्त्रींनी हात लांब करून बंद केली. "तोच ऐकायचाय," म्हणाले. वरच्या गिअरमध्ये सावकाश जाताना त्यांनी एकदम ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं तशी गाडीही पळाली, म्हणजे क्लच धरतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवली, पुढच्या चाकांतून कट्कट् आली नाही. सरळ, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारला, गाडी ना डावीकडे ओढली गेली ना उजवीकडे. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात तिचं नाव ठेवत होतो.

फक्त वास. गाडीत अत्तराचा दरवळ होता. एक नव्हे, तीन सुगंधी डब्या, एक आरशाला, एक एसीच्या जाळीला, एक सीटखाली. मला तो मालकांचा शौक वाटला. मिस्त्रींनी गाडी थांबवली आणि सीट बेल्ट ओढायला लागले. लावायला नव्हे, ओढायला. संपेपर्यंत. एरवी आपण हातभर ओढतो, खटका लावतो, संपलं. बेल्टचं शेवटचं टोक कोणी कधी बघतच नाही. ते बाहेर आलं आणि त्यावर एक आडवी, तपकिरी, सरळ रेघ होती, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. रेघेखाली बारीक गाळ.

मग एकेक सापडत गेलं. स्टेपनीच्या खोलगट जागेत माती. सीटच्या खालच्या रुळांना आणि स्क्रूंना गंज, जिथे पावसाचा थेंबही पोचायचं कारण नाही. एका हेडलाइटच्या आत दव. मालक आता अचानक फोनवर बोलू लागले होते. मिस्त्री म्हणाले, पाण्यात बुडालेली गाडी लगेच मरत नाही, हेच तिचं वाईट. धुतात, वाळवतात, ती चालते. पण वायरिंगच्या जोडांत पाणी शिरलेलं असतं, ते आतून हिरवं पडत जातं, आणि काही महिन्यांनी एक दिवस उजवीकडचा इंडिकेटर लावला की वायपर फिरतो.

पाण्यात म्हैस, गावात मोल अशी म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हैस खरोखरच पाण्यात होती असा हा माझ्या माहितीतला पहिलाच सौदा.

चौथी गाडी घेतली. तिच्यात चुका होत्या, पण त्या चुका होत्या, लपवाछपवी नव्हती. दारावर ओरखडा होता आणि मालकाने आधी तोच दाखवला. कागदपत्रं मिस्त्रींनी मला बघू दिली, कारण त्यात वाकायचं नव्हतं. चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. कागदावरचा आणि गाडीवर ठोकलेला मी तीनदा ताडून पाहिला. समोर उभा आहे तोच मालक आहे ना, कर्ज फिटल्याचा दाखला आहे ना, दुसरी किल्ली कुठे आहे, सगळं विचारलं. आवाज जरा कापला, पण विचारलं.

आता उरली माझी पहिली, निळ्या धुराची. तीही विकायची होती.

मी ठरवलं, आपण असं करायचं नाही. येणार त्या दिवशी सकाळी मी गाडीला हातही लावला नाही. धुतली नाही, पुसली नाही, सुगंधी डबी नाही. पावत्यांची फाइल तारखेप्रमाणे लावून ठेवली. एक तरुण आला. गाडीभोवती फिरला, टायरला हळूच लाथ मारली, दोन पावलं मागे सरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हं."

ते 'हं' मी ओळखलं. माझं मन भरून आलं.

"अहो, असं काय करताय?" मी म्हणालो. "आधी बोनेटला हात लावा. थंड आहे."

त्याने लावला. "थंड आहे," तो जरा चाचरत म्हणाला. "म्हणजे... चालू होते ना?"

मी चालू करून दाखवली. आता पूर्वीइतकं नाही, पण थोडा निळा धूर आलाच. "हे बघा, निळा," मी म्हणालो. "ऑइल जळतं थोडं. गार असताना दुसरा गिअर कुरकुरतो. डाव्या मागच्या दाराची काच पावसाळ्यात अडकते. पॅडलची रबरं मागच्या वर्षी बदललीत, पावती आहे, म्हणून त्यांच्यावर जाऊ नका, मीटरही बघा आणि सीटची कडही बघा. थांबा, बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवतो." मी चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढले. स्टेपनी बाहेर काढली. ऑइलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, पुसून त्याच्या हातात दिली. त्याने ती थर्मामीटरसारखी धरली.

"आणखी काय?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"नाही म्हणजे... आणखी?"

"खरंच एवढंच आहे हो."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग "एक मिनिट हं" म्हणून फाटकाबाहेर गेला आणि फोन लावला. हळू बोलत होता, पण सकाळची वेळ, रस्ता शांत.

"दादा, गाडी ठीक वाटतेय," तो म्हणत होता. "पण मालक सगळंच सांगतोय रे. म्हणजे नक्की काहीतरी मोठं लपवतोय."